कारखान्याचा पर्यावरण अहवाल शेजारच्या गावाला पटेल असा कसा लिहायचा

सांगली, मिरज, कुपवाड आणि पलूसकडच्या कारखान्यांचे पर्यावरण आणि सीएसआरचे (म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चाचे) अहवाल मराठीत लिहून देणं हे माझं काम आहे. कुणाची फौंड्री असते, कुणाचा दूध प्रकल्प, कुणाचा साखर कारखाना. बहुतेक ठिकाणी सुरुवात एकाच वाक्यानं होते: “मॅडम, इंग्रजी रिपोर्ट तयार आहे, तेवढं मराठीत करून द्या.” तो रिपोर्ट पुण्या-मुंबईच्या एजन्सीनं गुंतवणूकदारासाठी, बँकेसाठी, परदेशी ग्राहकासाठी केलेला असतो. कुंपणाला लागून ज्याचा ऊस आहे, त्याच्या कामाचं त्यात एकही पान नसतं. माझ्या विहिरीत काय उतरतंय, रात्री धूर का वाढतो, गावातली पोरं कंत्राटावरच का राहतात, शाळेला दिलेल्या पैशाचं काय झालं, एवढंच त्याला विचारायचं असतं.

कारखान्यात एचआरला, पर्यावरण विभागाला किंवा सीएसआरला बसलेल्या आणि हे काम अंगावर आलेल्या माणसासाठी हे लिहिते आहे. माझी कसोटी एकच. शेजारच्या शेतकऱ्याला स्वतः बघून, वास घेऊन किंवा चार माणसांना विचारून तपासता येईल, तेच वाक्य अहवालात ठेवायचं. बाकीचं कितीही छान वाटलं तरी काढायचं.

आधी कागद गोळा करा

लिहायला बसण्याआधी टेबलावर काय काय हवं ते सांगते. वर्षभराची वीजबिलं. कोळसा, डिझेल, बगॅस (उसाचा चोथा) यांचं खरेदी रजिस्टर. पाण्याच्या फ्लो मीटरचं आणि ईटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचं, लॉगबुक. बाहेरच्या प्रयोगशाळेचे रिपोर्ट. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र, म्हणजे आपण ज्याला कन्सेंट म्हणतो ते. अपघाताचं रजिस्टर. कंत्राटी कामगारांचा मस्टर. आणि फॉर्म पाच.

फॉर्म पाच हे पर्यावरण विवरणपत्र. ज्या कारखान्यांना मंडळाची संमती लागते, त्यांनी दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत ते मंडळाला द्यायचं असतं. पाणी किती वापरलं, सांडपाणी किती निघालं, कचरा कुठं गेला, सगळं त्यात असतं. पहिलं काम हे करा: फॉर्म पाचमधला पाण्याचा आकडा आणि रंगीत अहवालातला पाण्याचा आकडा शेजारीशेजारी ठेवा. जुळत नसतील तर एक ओळही पुढं लिहू नका. दोन वेगळे लोक दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या फायलींतून आकडे उचलतात आणि दोन्हींवर सही एकाच साहेबाची असते. उद्या कुणी माहितीच्या अधिकारात फॉर्म पाच काढला, तर तुमच्या गुळगुळीत कागदाची काय किंमत राहील?

लॉगबुकही नुसतं चाळू नका, वाचा. एका ठिकाणी मला दिलेल्या लॉगबुकात अख्ख्या महिन्याची रीडिंग एकाच पेनानं, एकाच दाबानं, एका बैठकीत भरलेली दिसत होती. दिवाळीत कारखाना बंद होता, त्या दोन दिवसांतही ईटीपीत रोजच्याइतकंच पाणी आलेलं! अशी वही हातात आली तर तो आकडा वापरू नका. रात्रपाळीच्या ऑपरेटरशी बोला. मीटर कधी बंद पडतो, टाकीत हवा सोडणारा ब्लोअर कधी थांबतो, हे त्याला माहीत असतं आणि ते विचारायला सहसा कुणी त्याच्याकडे जात नाही.

सीएसआरचा सूर

कंपनी कायदा २०१३ मधलं कलम १३५ सांगतं की ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. म्हणजे हा कायद्यानं घालून दिलेला खर्च आहे. मग अहवालात “दानशूर”, “समाजाचं ऋण फेडलं”, “उदार हस्ते मदत” असा सूर नको. रक्कम लिहा, आणि तिच्या शेजारी नियमानं किती व्हायची तेही लिहा. सरासरी नफा ६ कोटी असेल तर २ टक्के म्हणजे १२ लाख. पैकी ९ लाख खर्च झाले असतील तर उरलेले ३ लाख कुठल्या खात्यात गेले, हे एका ओळीत सांगता येतं. चालू प्रकल्पाचे असतील तर ते वेगळ्या बँक खात्यात ठेवून तीन वर्षांत खर्च करायचे असतात. तसं नसेल तर सहा महिन्यांत याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीतल्या सरकारी निधीत भरायचे असतात. लोकांना हे समजत नाही असं धरून चालू नका. तासगाव-पलूस भागातला बागायतदार बँकेचा हप्ता, सोसायटीचं व्याज आणि द्राक्षाचा दर तोंडी जुळवतो. त्याला दोन टक्के समजावून सांगावे लागत नाहीत.

काय सीएसआरमध्ये बसत नाही, तेही पक्कं ठाऊक असू द्या. फक्त स्वतःच्या कामगारांच्या फायद्याचा खर्च बसत नाही. जाहिरातीसाठी दिलेलं प्रायोजकत्व बसत नाही. कायद्यानं करायलाच हवं असलेलं काम बसत नाही. ईटीपी बसवली, चिमणीला धूळ पकडणारी यंत्रणा लावली, ही परवानगीची अट पाळणं झालं. त्याचं कौतुक सामाजिक कामाच्या पानावर केलेलं दिसलं की मी ते सरळ उचलून पर्यावरणाच्या पानावर नेते आणि “अट क्रमांक अमुक पूर्ण” एवढंच लिहिते.

सहकारी साखर कारखान्यांचं वेगळं. ते सहकार कायद्याखाली नोंदलेले, कलम १३५ त्यांना लागत नाही. पण त्यांच्याकडे एक फार चांगली गोष्ट आयती आहे: वार्षिक सभेची मराठी अहवाल पुस्तिका, जी सभासदाच्या घरापर्यंत पोचते. वेगळा चकचकीत अहवाल छापण्यापेक्षा त्याच पुस्तिकेत पाणी, राख, मळी आणि ऊसतोड कामगार यांची चार पानं घाला.

पाण्याचं पान

आमच्याकडे सगळ्यात आधी उघडलं जाणारं पान हेच. कृष्णेत मासे तरंगले की सांगलीत ती बातमी वाऱ्यासारखी पसरते आणि त्या दिवशी नदीकाठच्या प्रत्येक कारखान्याकडे बोट जातं. तेव्हा तुमचा मागच्या तीन महिन्यांचा आकडा लोकांच्या हातात आधीच असेल, तरच तुमच्या म्हणण्याला वजन असतं.

आकडा कसा द्यायचा? साखर कारखान्याचं उदाहरण घेते. ऊस हा मुळात ७० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतो, त्यामुळे गाळप सुरू असताना कारखान्यातून पाणी निघणारच. नियम सांगतो की टनामागे प्रक्रिया झालेलं सांडपाणी १०० लिटर आणि थंडाव्याच्या यंत्रणेतून सुटणारं पाणी १०० लिटर, याच्या वर जायचं नाही. रोज ५,००० टन गाळणाऱ्या कारखान्याला ही मर्यादा दिवसाला १० लाख लिटर होते. “१,००० घनमीटर” लिहिलं तर गावात कुणाच्या डोळ्यासमोर काही उभं राहत नाही. “१०,००० लिटरचे १०० टँकर” लिहा. दुष्काळात टँकरची वाट बघितलेल्या जत-आटपाडीच्या माणसाला लगेच अंदाज येतो. मग लगेच पुढच्या ओळीत तुमचा खरा आकडा द्या आणि ते पाणी कुठं जातं ते सांगा. कुणाच्या शेतात, कुठल्या गटात, किती एकरांवर.

बीओडी हा शब्द टाळू नका, समजावून द्या. पाण्यातली घाण कुजवताना जीवाणू त्या पाण्यातला प्राणवायू वापरतात. किती लागतो, ते मोजायचं माप म्हणजे बीओडी. तो जास्त असलेलं पाणी ओढ्यात गेलं की प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. साखर कारखान्यासाठी मर्यादा नदी-ओढ्यात सोडायचं असेल तर लिटरला ३० मिलिग्रॅम, जमिनीवर सोडायचं असेल तर १००. हे दोन आकडे छापा आणि त्यांच्या खाली तुमची बारा महिन्यांची रीडिंग छापा. सरासरी एकटी कधीच देऊ नका. अकरा महिने २५ आणि एक महिना १८० असेल तर सरासरी ३८ येते, आणि ज्या महिन्यात ओढ्याला वास सुटला होता तोच महिना तिच्याखाली दडपला जातो. गावाला तो महिना पाठ असतो.

आसवनी, म्हणजे मळीपासून अल्कोहोल बनवणारा विभाग, असेल तर “शून्य सांडपाणी” एवढं लिहून भागत नाही. एक लिटर अल्कोहोलमागे साधारण ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश, म्हणजे काळं सांडपाणी, तयार होतो. तो आटवून बॉयलरमध्ये जाळता की प्रेसमडमध्ये (रस गाळून उरलेल्या गाळात) मिसळून खत करता, ते लिहा. खत करत असाल तर पावसाळ्यात त्या यार्डाचं काय करता, तेही लिहा, कारण गावाचा पहिला प्रश्न तोच येणार. काळं पाणी जूनमध्ये ओढ्याला येतं, जानेवारीत नाही, हे त्यांनी बघितलेलं असतं.

झाडांचे फोटो

पर्यावरण दिन आला की खड्डा, रोप, पांढरा शर्ट, टाळ्या. हा फोटो अहवालात नसला तर साहेब विचारतात. ठेवायचा तर ठेवा, पण त्याच्याखाली दोन उन्हाळ्यांनंतर किती झाडं जिवंत आहेत ते लिहा. नमुना म्हणून बघा. आधीचं वाक्य असतं: “माण तालुक्यात ५,००० वृक्षांची लागवड करून हरित भविष्याकडे पाऊल टाकले.” त्याच्या जागी मी असं लिहीन:

“जुलै २०२३ मध्ये अमुक गावाच्या गायरानात कडुनिंब, चिंच, करंज आणि बोरीची ५,००० रोपं लावली. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा टँकरनं पाणी दिलं. मे २०२५ मध्ये ग्रामपंचायत सदस्यांबरोबर मोजली तेव्हा २,१०० जिवंत होती. बरीच रोपं शेळ्यांनी खाल्ली, उत्तरेकडच्या उतारावर मुरूम असल्यानं तिथली जवळजवळ सगळी गेली. यंदा नवीन लागवड नाही. आहे त्या झाडांना काटेरी कुंपण आणि पाणी यावर खर्च.”

दुसऱ्या मजकुरात आकडा निम्म्याच्याही खाली आला, तरी विश्वास वाढतो. माणदेशात पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास. तिथं निम्मी झाडं जगवणं सोपं नाही, हे तिथल्या माणसाला सांगावं लागत नाही. पाच हजारच्या पाच हजार जगली असं छापलं तर मात्र तो पान उलटत नाही, अहवालच बाजूला ठेवतो.

साताऱ्याकडच्या कंपन्यांना एक कळकळीची विनंती. कास, चाळकेवाडीच्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, झाडं लावून त्याचा फोटो छापू नका. जांभ्याच्या कातळावरची ती बोटभर माती, त्यावर पावसाळ्यात येणारी फुलं आणि गवत हीच तिथली संपत्ती आहे. खड्डे मारून बाहेरची झाडं लावली तर ते नुकसान ठरतं. माण-खटावच्या माळरानांचंही तसंच. माळ उघडा दिसतो म्हणून तो ओसाड नसतो. मेंढपाळाच्या मेंढ्या, लांडगा आणि माळढोकाच्या जातीतले पक्षी अशाच गवतावर जगतात. लागवडीआधी गावातल्या मेंढपाळाला विचारा, आणि विचारलं हे अहवालात लिहा.

हिरवे दावे आणि आकड्यांची मांडणी

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं दिशाभूल करणाऱ्या पर्यावरणविषयक दाव्यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. जाहिरातीत, वेष्टनावर “इको-फ्रेंडली”, “ग्रीन”, “सस्टेनेबल”, “कार्बन न्यूट्रल” असं मोघम लिहून आता चालत नाही. कशाच्या बाबतीत, किती, आणि पुरावा कुठं, हे सांगावं लागतं. पुरावा क्यूआर कोडवरही देता येतो. गुळाच्या किंवा बेदाण्याच्या पाकिटावर हिरवं पान छापणाऱ्या छोट्या उद्योजकांनीही हे लक्षात ठेवावं.

फौंड्रीवाल्यांसाठी एक हिशोब. टनामागे वीज १० टक्के कमी झाली, अशी बातमी अहवालात मोठ्या अक्षरात येते. पण उत्पादन ३० टक्के वाढलं असेल तर एकूण वीज १७ टक्के वाढलेली असते. दोन्ही लिहा, एकाच आकाराच्या अक्षरात. सौरऊर्जेचंही तसंच. छतावरच्या पॅनेलनं वर्षात १ लाख युनिट दिले तर ग्रीडच्या विजेच्या हिशोबानं (युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड) सुमारे ७० टन वाचले, असं सरळ सांगा. आणि ती वीज एकूण वापराच्या किती टक्के, तेही सांगा. इंडक्शन फर्नेस (विजेवर धातू वितळवणारी भट्टी) असलेल्या कारखान्यात हा आकडा लहान येतो. येऊ दे.

शेअर बाजारातल्या बाजारमूल्यानं पहिल्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीचा, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाचा, बीआरएसआर (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता) अहवाल सक्तीचा आहे. त्यांच्या प्रश्नावल्या आता कुपवाडच्या पुरवठादारांपर्यंत येतात. घाबरायचं कारण नाही. वर सांगितलेले कागद जागेवर असतील तर त्याच आकड्यांवर दोन्ही कामं होतात.

माणसं मोजताना

अहवालात “आमचे ६०० कर्मचारी” असं येतं आणि गेटमधून सकाळी आत जाणाऱ्यांची रांग त्याच्या दुप्पट असते. कंत्राटी माणसं मोजा. अपघात लिहिताना त्यांचे अपघातही मोजा.

साखर कारखान्यात तर ऊसतोड कामगारांशिवाय अहवाल पुराच होत नाही. बीडहून, जतहून जोडपी येतात, कोप्यांत (पाचटाच्या झोपड्यांत) राहतात, बायका पहाटे चारला उठून फडावर जातात. कागदावर ती मुकादमाची आणि वाहतूकदाराची माणसं, कारखान्याची नाहीत. एवढ्या एका ओळीवर हात झटकले जातात. मला हे मान्य नाही. ज्यांच्या कोयत्यावर गाळप चालतं, त्यांच्यासाठी शौचालयं किती, पिण्याचं पाणी कुठून, मुलं शाळेत जातात की पाचटावर झोपतात, गरोदर बाईला दवाखाना किती लांब, हे लिहाच. काही केलं नसेल तर “या हंगामात काही केलं नाही” असं लिहा. हे वाक्य छापायला साहेब तयार होत नाहीत. मग पुढच्या हंगामाआधी काहीतरी करावं लागतं, आणि हे पान लिहायला घेण्याचा मला दिसलेला सगळ्यात मोठा उपयोग तोच आहे.

बिघाड झाला तर

ईटीपी बंद पडली, टाकी फुटली, वायू सुटला. त्याच दिवशी, ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मराठीत लिहा: काय झालं, किती वाजता, किती वेळ, पाणी कुठवर गेलं, कोणत्या विहिरीचं पाणी तूर्त पिऊ नये, मंडळाला कधी कळवलं, दुरुस्ती कधी संपेल, आणि फोन कुणाला करायचा. एवढंच. “काळजीचे कारण नाही” हे वाक्य लिहू नका. काळजी करायची की नाही ते लोक ठरवतील. वर्षअखेरीच्या अहवालात हाच मजकूर जसाच्या तसा छापा.

कुठं आणि कधी द्यायचा

किर्लोस्करवाडीहून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघालं ते मराठीत. कारखान्यानं आपल्या माणसांशी त्यांच्या भाषेत बोलायची रीत या जिल्ह्याला नवी नाही. आठ-दहा पानं पुरतात. अक्षर मोठं, कागद साधा. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक वाचनालयात, एक शाळेत, बाकीच्या गेटवर. गेटबाहेर जो माहितीफलक असतो, ज्यावरची तारीख सहसा उन्हानं पुसलेली असते, तो दर महिन्याला नवा लिहा.

फोटोंबद्दल थोडकं: पुरात किट घेणाऱ्या बाईचा चेहरा तिला विचारल्याशिवाय छापू नका. विचारलं तरी शक्यतो नकोच. २०१९ च्या महापुरात रांगेत उभं राहावं लागलेली कितीतरी घरं खाऊन-पिऊन सुखी होती.

वेळ अशी साधा. फॉर्म पाच ३० सप्टेंबरपर्यंत जातो, २ ऑक्टोबरला ग्रामसभा असते. आकडे ताजे असतात, मंडळाला दिलेले आणि गावाला दिलेले एकच असतात. ग्रामसभेत पीआरवाल्याला पाठवू नका. ईटीपी सांभाळणारा इंजिनिअर जाऊ दे. तो अडखळेल, पण “काय वो साहेब, मे महिन्यात वड्याला वास कशानं सुटला हुता?” याचं उत्तर त्याच्याकडेच आहे. बरोबर एक वही न्या. प्रत्येक प्रश्न विचारणाऱ्याच्या नावासह लिहून घ्या, ज्याचं उत्तर तिथं देता आलं नाही त्यापुढं तारीख टाका, आणि वहीच्या त्या पानाची झेरॉक्स ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) ठेवून या. पुढच्या वर्षीच्या अहवालाचं पहिलं पान त्या प्रश्नांच्या उत्तरांचं असू द्या. चेअरमनसाहेबांचं मनोगत आणि फोटो शेवटच्या पानावर गेला तरी चालेल.